काठावरचा गहू

आमच्या भाचीला घरात सगळे बारकी म्हणतात. पाच भावंडांत शेवटची, जन्मली तेव्हा जेमतेम मुठीएवढी, म्हणून बारकी. आता ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे आणि आमच्या मागच्या दारातून आत येताना मान वाकवते, पण नाव तेवढंच राहिलं. ज्यांना हे खटकतं त्यांनी तिच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, जाऊन सांगावं. मी नाही जाणार.

मी विद्यापीठाच्या प्रयोगाच्या शेतावर मुकादम आहे. एकोणतीस वर्षं झाली. पेरणी, पाणी, खुरपणी, कापणी, वजन, सगळं माझ्या डोळ्यांखालून जातं. प्राध्यापक येतात, बढती घेतात, जातात. शेतावर मी असतो. त्यामुळे मला चार गोष्टी जास्त कळतात असं मला वाटतं, आणि ते मी लपवत नाही. बायको म्हणते, तुमच्या नाकावर माशी बसत नाही. बसेल कशी? बसायच्या आत हाकलतो.

तर शाळा संपल्यावर ही बारकी एक दिवस पिशव्या घेऊन आमच्या दारात हजर.

"मामा, तुझ्या विद्यापीठात नवीन पदवी निघालीय. संगणकशास्त्र आणि पीकशास्त्र, दोन्ही विभाग मिळून देणार. मी नाव घातलंय. चार वर्षं तुझ्याकडे राहणार."

"राहा की. घर तुझंच आहे. पण हे अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं कशाला घेतलंस? धड काहीतरी एक शिक."

"अर्धं-अर्धं नाही, मामा. दोन्ही पुरं."

"दोन्ही पुरं करायला दिवसाचे तास किती लागतील, कळतंय का?"

"ते मी बघते," म्हणाली, आणि माझं कपाट रिकामं करायला लागली. माझे चांगले सदरे तिने पलंगावर काढून ठेवले आणि स्वतःची पुस्तकं लावली. बायको दारात उभी राहून हसत होती. त्या घटकेलाच मला कळलं की या घरात आता माझं काही चालणार नाही.

दोन विभागांच्या दोन इमारती, मधून रस्ता. संगणकाच्या इमारतीत गार हवा, गुळगुळीत फरशी, चिखलाचे बूट दाराबाहेर काढा अशी पाटी. पीकशास्त्राची इमारत जुनी. बोळात बियाण्यांची पोती, दाराला वाळल्या गवताचा वास, आणि खुर्च्या अशा की बसताना आधी हात लावून बघावं. बारकी दिवसातून चार वेळा तो रस्ता ओलांडायची. सायकलला दोन पिशव्या, एकीत लॅपटॉप, दुसरीत बूट आणि खुरपं. संगणकवाली पोरं या पदवीच्या मुलांना माळी म्हणायची आणि पीकशास्त्राची पोरं त्यांना बटणवाले म्हणायची. पहिल्या तुकडीत अकरा जण होते. दुसऱ्या वर्षाला सात उरले. बारकी त्या सातांत होती आणि तिला चिडवायला गेलेला माणूस स्वतःच गप्प होऊन परत यायचा. एकदा माझ्यासमोर एका पोराने "काय माळीणबाई" म्हणून हाक मारली. ही म्हणाली, "मला बटणही दाबता येतं आणि झाडही ओळखता येतं. तुला यातलं एक येतं. आता माळी कोण आणि रिकामा कोण, तूच ठरव." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घरी येऊन मी ते बायकोला तीन वेळा सांगितलं.

पण ही पदवी पीकशास्त्राच्या मोठ्या सरांच्या गळी उतरलेली नव्हती. माणूस सज्जन, पण शब्दाला कडक. उघड म्हणायचे, फोटो काढून पीक कळत असतं तर मी तीस वर्षं चिखलात कशाला उभा राहिलो असतो? संगणकाच्या मॅडम हुशार, बोलायला गोड, पण शेत त्यांनी खिडकीतूनच पाहिलेलं. बारकीच्या शेवटच्या वर्षाच्या कामावर या दोघांची सही लागणार होती. दोघांपैकी एकाचीही अडली तर वर्ष गेलं. गहू काही दर महिन्याला येत नाही. पुन्हा पेरायचं म्हणजे पुढचा हंगाम, म्हणजे आणखी एक वर्ष.

काम असं होतं. गव्हाचे अठ्ठेचाळीस वाण, प्रत्येकाचे तीन वाफे, असे एकशे चव्वेचाळीस वाफे. बारकीने उभ्या पिकाचे फोटो काढायचे, तिच्या प्रोग्रॅमने ओंब्या मोजायच्या आणि कापणीच्या आधीच सांगायचं की कुठल्या वाफ्यातून किती गहू निघेल. मग आम्ही कापणी करून खरं वजन करणार, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचं.

पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं. "हे बघ, इथे मी तुझा मामा नाही. इथे मी मुकादम. वाफ्यात पाय घालायचा नाही. एक रोप मोडलं तर वजन चुकतं. जे करायचं ते वाटेवरून."

"बरं, मुकादम," म्हणाली.

आणि तिने ते अक्षरशः पाळलं. चार महिने, दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी, लांब काठीला फोन बांधून ती वाफ्यांमधल्या वाटांवरून फिरायची. एकदाही पाय आत नाही. मी मजुरांना सांगायचो, बघा, शिस्त म्हणजे काय ते बघा. माझी छाती फुगायची. आज ते आठवलं की मला स्वतःचाच राग येतो.

कापणीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही आमच्या नेहमीच्या कामाला लागलो. आमच्याकडे पद्धत अशी की कापणीचं मशीन घालण्याआधी प्रत्येक वाफ्याची दोन्ही बाजूंची काठाची ओळ विळ्याने कापून टाकायची. काठावरच्या रोपाला ऊन जास्त, वारा जास्त, मुळांना एका बाजूला जागाच जागा. ते रोप माजतं. त्याच्यावरून वाणाची पारख केली तर फसगत होते. म्हणून काठ कापायचा, ढिगात फेकायचा आणि आतलं तेवढं मोजायचं. हे शेतावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. इतकं माहीत असतं की कोणी कोणाला सांगत नाही.

दहाच्या सुमाराला बारकी तास संपवून आली. आमचे पहिले अठ्ठेचाळीस वाफे, प्रत्येक वाणाचा एकेक, झाले होते. ती वाटेच्या तोंडाशी थबकली, मग सायकल तशीच आडवी टाकून धावत आली.

"मामा, थांबव! हे काय करताय? ही माझी झाडं आहेत!"

"तुझी कुठली? हा काठ आहे. काठ कापतोय."

"का?"

"का म्हणजे? काठ मोजत नसतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ढिगाकडे. मग तिने खिशातून फोन काढला आणि एकेक फोटो मला दाखवायला लागली. पहिला फोटो, काठाची ओळ. दुसरा, काठाची ओळ. काठी किती पोचणार? वाटेवरून जे जवळ दिसेल तेच ना! चार महिन्यांचे हजारो फोटो आणि सगळ्यांत तीच माजलेली रोपं, ताठ, भरगच्च. तिचा प्रोग्रॅम जे पीक मोजायला शिकला होता, ते आम्ही दरवर्षी ढिगात फेकतो.

मला खरं तर आधी तिच्यावरच ओरडावंसं वाटलं. चार वर्षं पीकशास्त्र शिकतेस आणि काठ माहीत नाही? पण वाफ्यात पाय घालू नकोस असं तिला सांगितलं कोणी होतं? मीच.

बारकी वाटेवर खाली बसली. मला वाटलं, आता रडणार. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी पाठीवरून हात फिरवला असता. पण ती गवताची काडी मोडत बसली, आणि चार-पाच मिनिटांनी मान वर करून विचारलं, "मशीन कधी येणार?"

"उद्या सकाळी सातला."

"किती वाफ्यांचा काठ अजून उभा आहे?"

"शहाण्णव."

"म्हणजे प्रत्येक वाणाचे दोन. मामा, काठ फेकू नकोस. प्रत्येक वाफ्याच्या काठाची वेगळी पेंढी बांध, नंबर लाव आणि वजन कर. आतल्याचं वजन तू करणारच आहेस. मग काठावरचं पीक आतल्यापेक्षा किती फुगतं, ते वाणवार कळेल. ते कळलं तर माझे फोटो वाया जात नाहीत. फक्त त्यांतून फुगवटा वजा करायचा."

"आणि?"

"आणि आज मला वाफ्यात शिरू दे. शहाण्णवच्या शहाण्णव. आतल्या पिकाचे फोटो पाहिजेत."

एकोणतीस वर्षांत मी वाफ्यात कुणाला शिरू दिलं नव्हतं. मोठ्या सरांनासुद्धा नाही. आणि काठाचं वजन? मजूर हसले असते. मी नाही म्हणणार होतो. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "माझ्या मागून चालायचं. मी ओळी बाजूला करतो तिथेच पाय ठेवायचा. एक ओंबी जरी मोडली तरी हाकलून देईन."

"मोडली तर मीच जाईन," ती म्हणाली आणि बूट बांधायला लागली.

मग काय विचारता! मजूर काठ कापतायत, पेंढ्या बांधतायत, मी पुढे आडवा चालत दोन्ही हातांनी गहू दुभागतोय, माझ्या मागे ही काठी उंच धरून. दुपारी बायको डबा घेऊन आली, तर बारकीने डबा झाडाखाली ठेवला आणि तिच्या हातात पेन दिलं. "मामी, तुझं अक्षर चांगलं आहे. नंबर लिही." बायको म्हणाली, "अगं, मी जेवण घेऊन आले होते." तरी पदर खोचून बसली आणि संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्या लिहून पेंढ्यांना अडकवत राहिली. मी आयुष्यात बायकोला एवढी कामाला लावू शकलो नाही.

चालता चालता बारकीने विचारलं, "मामा, नुसतं बघून सांगशील? कुठला वाण काठावर जास्त माजतो?"

"त्यात काय सांगायचं! सत्तावीस नंबर बघ, काठावर नुसता गुंड. आत शिरलं की मवाळ. एकतीस मात्र आत-बाहेर सारखा, गरीब स्वभावाचा."

तिने ते लिहून घेतलं. मग प्रत्येक वाणाचं विचारलं. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. माझं बोलणं कोणी लिहून घेतंय हे मला फार विचित्र वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, फार आवडलं.

वजनं पूर्ण व्हायला चार दिवस लागले. बारकीने आकडे मांडले. प्रोग्रॅमचे जुने अंदाज सगळेच्या सगळे फुगलेले निघाले. मग तिने फुगवटा वजा केला, आतले फोटो घालून प्रोग्रॅमला नव्याने शिकवलं आणि पुन्हा ताडून पाहिलं. दहा वाफ्यांतले सात बरोबर आले. आधी ती दहातले नऊ येतील असं सगळ्यांना सांगत होती. आणि माझा नुसत्या डोळ्यांचा अंदाज अठ्ठेचाळीस वाणांपैकी एक्केचाळीस ठिकाणी बरोबर निघाला. उरलेल्या सात ठिकाणी वजनाच्या काट्यात काहीतरी गडबड असणार, असं माझं मत आहे.

जेवताना मी तिला हळूच म्हणालो, "बारके, कोणाला सांगायलाच कशाला पाहिजे? काठाचे फोटो मुद्दामच काढले, काठाचा अभ्यासच करायचा होता, असं लिही. ऐकायला झकास वाटेल. दहातले सात म्हणायचीही गरज नाही."

तिने घास खाली ठेवला. "आणि पुढच्या वर्षी दुसरी कोणीतरी पुन्हा वाटेवरून फोटो काढत बसेल. तिलाही कोणी सांगणार नाही. चालेल तुला?"

"सर सही करणार नाहीत गं!"

"नाही केली तर पुन्हा पेरू." एवढं बोलून ती जेवायला लागली. पण मी तिचा मामा आहे. एकच घास ती पुन्हा पुन्हा कालवत होती, ते मला दिसलं. तिची बाकीची भावंडं कधीच कामाला लागली होती आणि ही अजून एक वर्ष म्हणणार, ते घरी कसं सांगायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मला पेंढ्या घेऊन बोलावलं होतं. दाखवायला. मी इस्त्रीचा सदरा घालून, बगलेत गव्हाच्या चार पेंढ्या धरून दाराशी उभा राहिलो. टेबलापलीकडे मोठे सर, मॅडम आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. बारकी उभी राहिली आणि पहिलंच वाक्य बोलली, "माझ्या कामात एक मोठी चूक झाली आहे. आधी ती सांगते."

सगळं सांगितलं. काही म्हणता काही झाकलं नाही. बाहेरचे परीक्षक चष्मा वर करून म्हणाले, "चार महिने तुम्ही काठाचेच फोटो काढत होतात? आणि तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"मी विचारलं नाही, सर. चूक माझी."

आता माझ्याने राहवेना. "तिची नाही!" मी दारातूनच ओरडलो. पेंढ्यांतलं भुसकट फरशीवर सांडलं. "मी तिला वाफ्यात पाय घालू दिला नाही. वाटेवरूनच काढ म्हणालो. आणि काठ मोजत नाहीत हे सांगायचं मला सुचलं नाही. एकोणतीस वर्षं झाली मला इथे. मला सुचायला हवं होतं. माझं चुकलं."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आयुष्यात "माझं चुकलं" हे शब्द बायकोलासुद्धा ऐकवलेले नाहीत. मॅडम खाली मान घालून म्हणाल्या, "मी तर हे फोटो दर आठवड्याला पाहत होते. मला सगळा गहू सारखाच दिसला." मोठ्या सरांच्या खोलीच्या खिडकीतून तर ते वाफे समोरच दिसतात. त्यांनी उठून माझ्या हातातली एक पेंढी घेतली, चिठ्ठी वाचली, ओंबी चोळून तळहातावर दाणे काढले.

"मला एक सांग," ते बारकीला म्हणाले. "उद्या यातला एक वाण निवडायचा आहे. मी तुझ्या प्रोग्रॅमवर विश्वास ठेवू की वजनावर?"

मी मनात म्हणालो, बाई गं, प्रोग्रॅम म्हण, काहीतरी म्हण, आयतं हातात आलंय.

"वजनावर, सर," बारकी म्हणाली. "माझा प्रोग्रॅम दहातले तीन वाफे अजून चुकतो. तेही कुठे चुकतो ते मला माहीत आहे, म्हणून सांगू शकते. आणखी दोन हंगाम मिळाले तर मग विचारा."

सरांनी तळहातावरचे दाणे टेबलावर ओतले आणि खिशाचं पेन काढलं. आधी त्यांनी सही केली, मग कागद मॅडमकडे सरकवला. मॅडमची सही होईपर्यंत बारकी ताठ उभी होती. बाहेर आल्यावर मात्र तिने माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यात तोंड खुपसलं आणि लहान पोरीसारखी हमसाहमशी रडली. मीही रडलो. लोक जात-येत होते, बघत होते. बघू देत!

तेवढ्यात मोठे सर दार उघडून बाहेर आले. मला वाटलं, सांडलेल्या भुसकटाबद्दल बोलणार. मी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

"मुकादम," ते म्हणाले, "पुढच्या वर्षापासून या पदवीची नवी मुलं पहिला महिना तुमच्याकडे येतील. वेळापत्रकात तुमचा तास लावतो."

"माझा तास? सर, मी शाळा पुरी केलेला माणूस नाही. मी काय शिकवणार?"

"तिला सांगायचं राहून गेलं, ते," सर म्हणाले.

बारकीने माझ्या दंडाला चिमटा काढला. "मामा, हो म्हण की!"

मी हो म्हणालो. घरी जाऊन तेही बायकोला तीन वेळा सांगितलं.